आवेर्लाची उजवी बाजू

"गुडघे हनुवटीला टेकतायत माझे. ह्यात माणसं न्यायची असतात की अंड्यांचे ट्रे?" मागच्या सीटवर एर्मेते स्वतःशीच कुरकुरला. स्वतःशीच, कारण शेजारी बसलेल्या सेकोंदोला ऐकवून उपयोग नव्हता. पंचेचाळीस वर्षं पत्रा ठोकून त्याचे दोन्ही कान गेले होते आणि कानातलं यंत्र तो फक्त मयताला आणि बँकेत जाताना घालायचा. आत्ताही लोकरीची टोपी कानांवरून खाली ओढून तो खिडकीबाहेर बघत होता. ओर्नेल्लाने आरशातून दोघांना पाहिलं आणि तिला हसू आलं. सेकोंदो तिचा बाप, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. एर्मेते त्याचा कामावरचा जुना जोडीदार, चौऱ्याऐंशीचा. दोघांनी ठेवणीतले कोट घातले होते आणि शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून ते बसले होते. सिग्नल लाल होता. समोरून ट्रॅम वळत होती. तेवढ्यात एर्मेतेने, तीच कुरकुर पुढे चालू ठेवल्यासारखं, त्याच आवाजात विचारलं, "माझी बाजू आहे ना गं नव्या गाडीत? उजवी?"

"आहे ना, बार्बा," ओर्नेल्ला म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, गाडी पुढे गेली. बार्बा म्हणजे काका. सख्खा नव्हे, अंगणापलीकडच्या गॅलरीतला. पण सख्ख्या काकांचे चेहरे तिला फोटो बघून आठवावे लागत, आणि ह्याच्या हातावरचा एकेक चट्टा तिला पाठ होता. त्या काकाशी ती आत्ता खोटं बोलली होती, आणि तेही किती सहज, जेवताना मीठ पुढे सरकवावं तसं. चार महिने तिने उत्तरांची तयारी केली होती. संचालकांना काय सांगायचं, वार्ताहरांना काय सांगायचं, जुन्या गाड्या जपणाऱ्या त्या तिरसट मंडळींना काय सांगायचं. 'ओळख जपली आहे, नक्कल केलेली नाही' हे वाक्य तर तिने न्हाणीघरातल्या आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. एवढ्या तयारीत हा प्रश्न कुणी विचारेल असं मनात आलंच नव्हतं. किंवा आलं होतं, आणि तिने त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, उद्या या म्हणून. आता तो उद्या आला होता आणि मागच्या सीटवर बसून पुदिन्याची गोळी चघळत होता.

"असायलाच पाहिजे म्हणा," एर्मेते समाधानाने म्हणाला. "एका पायाची विजार कोण घालतंय?"

तासाभरात त्याचा तळहात तिच्या गाडीवर फिरणार होता. ब्रिगास्कोच्या कारखान्यातली ही जुनी पद्धत. नव्या गाडीचा मातीचा पुऱ्या मापाचा नमुना तयार झाला, की आकार कायमचा ठरवण्याआधी पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांना बोलवायचं. त्यांनी डोळे मिटून तिच्यावर हात फिरवायचा, आणि 'हात अडत नाही' म्हणाले की मगच कागदावर सही. त्यानंतर साच्यांचं काम सुरू होतं आणि मग देव आला तरी मिलिमीटर हलत नाही. कंपनी दोनदा विकली गेली. नव्या मालकांनी कँटीनमधली वाइन बंद केली, सकाळचा भोंगा बंद केला, पत्रा ठोकायचा विभाग तर केव्हाच बंद झाला होता. पण ही पद्धत ठेवली, कारण फोटो फार छान येतात. सुरकुतलेला हात आणि चकचकीत गाडी. पूर्वी अकरा जण यायचे, मग सात. मागच्या वेळी चार होते. आज हे दोघे, आणि सही ओर्नेल्लाची. तोरिनो शहरात गाड्यांचे आकार ठरवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि कारखान्याची जुनी नावाजलेली गाडी, आवेर्ला, नव्याने घडवायला मिळालेली ती एकटी. डोंगर आज इतके स्वच्छ दिसत होते की वाटावं कुणीतरी रात्रीतून ते दोन गल्ल्या अलीकडे आणून ठेवलेत. अशा दिवशी लपवायला जागा उरत नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिने उगाचच काच खाली केली.

"थंडी!" एर्मेते ओरडला. तिने काच वर केली.

आवेर्ला हा मुठीएवढा पक्षी. दिसायला गोजिरवाणा, पण पकडलेले किडे काटेरी झुडपावर टोचून ठेवतो, पुढे लागतील म्हणून. त्यामुळे लोक त्याला खाटीक म्हणतात. ब्रिगास्कोने आपल्या गाडीला हे नाव का दिलं कुणास ठाऊक. त्याने सांगितलेली गोष्ट मात्र सगळ्या शहराला ठाऊक होती: सदुसष्टच्या फेब्रुवारीत, नदीपलीकडच्या टेकडीवरच्या खाणावळीत, समोरचा भात निवत असताना, त्याने कागदी रुमालावर पेन्सिल एकदाच ओढली आणि आवेर्ला जन्मली. तो रुमाल कारखान्याच्या दारात काचेत लावला आहे. त्यावर भाताचा डागसुद्धा आहे. एकच रेघ. पुढच्या दिव्यापासून निघते, दारावरून शांतपणे सरळ जाते, आणि मागच्या चाकावर अचानक वर उचलली जाते, कुणीतरी हाक मारल्यावर मान वळावी तशी. त्या एका वळणावर माणसं वेडी झाली. गाडीवरचं नाव पुसा, दिवे काढा, अंधुक खोलीत उभी करा. ते वळण दिसलं की ती आवेर्ला. तीन वर्षांत एकसष्ट गाड्या निघाल्या. प्रत्येकीची डावी बाजू सेकोंदोने ठोकली आणि उजवी एर्मेतेने. लाकडी सांगाड्याच्या दोन्ही अंगांना दोघे उभे राहायचे, मध्ये गाडी, एकमेकांचा चेहरा न दिसता फक्त मोगरीचा आवाज ऐकत. आणि एकसष्ट वेळा डावीकडे मान वळली, उजवीकडे वळली नाही. उजवीकडची रेघ सरळच गेली होती, हाक ऐकू न आल्यासारखी. हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण गाडीच्या दोन्ही बाजू एकदम बघता येईल अशी जागाच जगात नसते. फोटो सगळे डावीकडून.

ओर्नेल्लाला मात्र ते लहानपणापासून ठाऊक होतं, जसं आपल्या आईचा एक डोळा किंचित लहान आहे हे ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणजे त्याचा कधी विचार केलेला नसतो. विचार करायची वेळ गेल्या सप्टेंबरात आली. तिच्या हाताखालच्या लोरिसने संग्रहालयातल्या जुन्या गाडीचं मोजमाप प्रकाशाच्या यंत्राने घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून तो तिच्या टेबलाशी आला. "दोन्ही बाजू जुळत नाहीत. मागच्या चाकावर अकरा मिलिमीटरचा फरक आहे."

"हाताने ठोकलेल्या गाड्या जुळल्यात कधी?"

"ते खरं. पण मला एकच बाजू धरायचीय. कोणती धरू?"

"डावी."

"कारण लिहावं लागतं, मॅडम."

"लिही, तीच आवेर्ला आहे."

आणि ते खोटं नव्हतं. हीच तर पंचाईत होती; ते अजिबात खोटं नव्हतं. धंद्याची रीतच अशी की गाडी अर्धीच घडवायची. मातीचा अर्धा नमुना, मधोमध उभा आरसा. आरशात बघितलं की गाडी पूर्ण दिसते. मग अर्ध्याचं माप उलटं करून यंत्र दुसरी बाजू कोरतं, केसाइतकाही फरक न ठेवता. चार महिने ओर्नेल्ला त्या अर्ध्या गाडीसमोर उभी होती, डावा खांदा घासत, गरम माती भरत, पुन्हा घासत, आणि जेव्हा जेव्हा मान वर करायची तेव्हा आरशातल्या उजव्या दाराच्या आत स्वतःच अडकलेली दिसायची, हातात पातं, डोळ्यांखाली काळं. पहिले काही आठवडे तिला काही वाटलं नाही. जुन्या गाडीतून नेमकं काय उचलायचं, काय सोडायचं, हा प्रश्नच इतका मोठा होता. दिवे बदलले, नाक आखूड झालं, छत दोन बोटं खाली आलं. सगळं बदलूनही ती रेघ तेवढी जिवंत राहावी यासाठी ती दिवसाला दहा वेळा डोळे मिटून हात फिरवायची, जसं तिला शिकवलं होतं तसं.

शिकवलं होतं एर्मेतेने. बापाने नव्हे. सेकोंदोचं म्हणणं, पोरीची जात, कारखान्यात काय काम? कारखान्यात ती पहिल्यांदा गेली ती स्वतःची पदवी घेऊन. पण अंगणाच्या कोपऱ्यात एर्मेतेचं दुकान होतं, पोचे काढायचं. शाळा सुटली की दप्तरासकट ती तिथे. कुणाचं दार, कुणाचं बॉनेट. तो पत्र्यावर थोडं पीठ भुरभुरायचा, तिचे डोळे आपल्या रुमालाने बांधायचा, त्या रुमालाला तंबाखूचा आणि लसणाचा वास असायचा, आणि म्हणायचा, "डोळ्याला विचारू नकोस. डोळा शिष्टाचार पाळतो. तळव्याला विचार." ती हात फिरवायची. "इथे." "शाबास. आणि?" "इथे पण." "तिथे नाही, लबाड. तिथे तुला असावंसं वाटतंय म्हणून आहे." सात-आठ वर्षांच्या पोरीला तो हे सांगायचा. तिथे आहे की तिथे असावंसं वाटतंय. आयुष्यभर ती तेवढ्यावरच पोट भरत आली होती. आणि एकदा, नऊ-दहा वर्षांची असताना, तिने विचारलं होतं, "बार्बा, माझे पापा जातात त्या कारखान्यात तुम्ही का नाही जात?" मोगरी थांबली नव्हती. "माझा हात कच्चा आहे म्हणे," तो म्हणाला होता, आणि आपला तो पंजा, फावड्याएवढा, तिच्यासमोर धरून असा हसला होता की तिला तो विनोदच वाटला होता. कितीतरी वर्षं विनोदच वाटत राहिला.

"तुझ्या त्या साहेबाचं नाव काय?" एर्मेतेने विचारलं. "मिलानोवाला. साक्की. मागच्या वेळी त्याने मला 'आजोबा' म्हटलं. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या आजीला विचारून म्हण."

ओर्नेल्ला हसली, आणि हसताना तिला कारखान्याचं तळघर आठवलं. डिसेंबरातली गोष्ट. दाराच्या जुन्या कड्या कशा होत्या ते शोधायला ती तळघरातल्या नकाशांच्या दालनात गेली होती, आणि एका खणाच्या पाठीमागे, फळीच्या फटीत घसरलेली एक गुंडाळी तिच्या हाताला लागली. पुऱ्या मापाचा नकाशा, ब्रिगास्कोची सही, बारा जानेवारी एकोणीसशे सदुसष्ट. रुमालाच्या आधीचा. तिने तो लांब टेबलावर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली आणि सवयीने डोळे मिटून पेन्सिलच्या रेघेवरून बोट नेलं. दिवा, दार, दार संपलं, मागचं चाक. बोट सरळ गेलं. तिने डोळे उघडले. वळण नव्हतंच. तिने माप घेतलं, पुन्हा घेतलं. एर्मेतेची उजवी बाजू त्या नकाशाशी मिलिमीटरभरही सोडून नव्हती. डावी अकरा मिलिमीटर बाहेर होती. म्हणजे एकसष्ट गाड्यांमध्ये एकसष्ट वेळा एर्मेतेने नकाशात होतं तेच ठोकलं होतं. आणि ज्यासाठी माणसं वेडी झाली, जे काचेत लावलंय, ज्यावर ती स्वतः सप्टेंबरपासून डोळे मिटून हात फिरवत होती, ते तिच्या बापाच्या हातून जास्त ठोकला गेलेला पत्रा होता. पत्रा ठोकला की ताणतो, ताणला की फुगतो, आणि एकदा फुगलेला माघारी बसत नाही.

 तारीख तिला सारखी टोचत होती. ती स्वतः त्या जानेवारीच्या एकोणतीसला जन्मली, सातव्या महिन्यात. आई ही गोष्ट हसत सांगायची: तू तिकडे काचेच्या पेटीत, बोटभर, जगतेस की मरतेस ठाऊक नाही, आणि तुझे पापा कारखान्यात, त्या आठवड्यात त्यांचा हात म्हणे थांबतच नव्हता, घरी आले तरी टेबल ठोकत बसायचे. घरी ही प्रेमाची गोष्ट म्हणून सांगितली जायची, आणि होतीही. उरलेलं तिने त्या टेबलाशी जुळवलं. ब्रिगास्को आला असेल, गाडीला फेरी मारली असेल, डावीकडच्या त्या फुगवट्यापाशी येऊन थांबला असेल. डोळा होता त्याला, ते नाकारता येत नाही. मग चार दिवसांनी खाणावळ, रुमाल, भात. आणि मग एर्मेतेला सांगणं, तुझी बाजू उचल. एर्मेते काय म्हणाला ते एका जुन्या कारागिराने तिला एकदा वाइनच्या तिसऱ्या ग्लासावर सांगितलं होतं आणि सांगतासांगता जीभ चावली होती: 'नकाशात दाखवा, मग उचलतो.' नकाशा कुणी दाखवेना. दाखवला असता तर रुमालाचं काय? तीन वर्षं हे चाललं. शेवटी सगळ्यांना उभं करून विचारलं, नकाशाप्रमाणे कोण ठोकतोय? कुणी तोंड उघडलं नाही. सेकोंदो, ज्याला नुकती फोरमनची जागा मिळाली होती, म्हणे आपल्या बुटांकडे बघत होता. उजवीकडच्या माणसाचा हात कच्चा आहे, असं ठरलं. एर्मेते हत्यारांची पेटी घेऊन घरी आला आणि अंगणातल्या कोपऱ्यात पोचे काढायला लागला. नव्या मालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं; जुन्या कारागिरांच्या यादीत त्याचं नाव होतं, म्हणून हात फिरवायला ते त्यालाही बोलवत.

आणि त्यानंतर पन्नास-बावन्न वर्षं दोन्ही घरं दर रविवारी एकत्र जेवली. याचंच तिला सर्वात नवल वाटायचं. आईचा सारण भरलेला आन्योलोत्ती पास्ता, बार्बाची बार्बेरा वाइन, भांडणं फुटबॉलवरून, राजकारणावरून, लसूण किती घालायचा यावरून. आरडाओरडा असा की खालचे लोक काठीने छत ठोकायचे. पण रस्त्यात कधी आवेर्ला दिसली, टीव्हीवर दिसली, कुठल्या वर्तमानपत्रात सेकोंदोचा पदक घेतानाचा फोटो आला, की त्या टेबलावर अशी शांतता पसरायची जशी घरात कुणी झोपलंय. मग आई म्हणायची, चीज संपवा, उरवू नका. ओर्नेल्लाला वाटायचं, मोठ्या माणसांना गाड्यांचा कंटाळा आलाय.

तिने तो नकाशा पुन्हा गुंडाळला. ज्या खणात होता तिथे ठेवला नाही. सतरा नंबरच्या खणात ठेवला, ट्रॅक्टरच्या सीटांच्या नकाशांखाली. कारखान्याने कधीकाळी ट्रॅक्टरच्या सीटा केल्या होत्या, तो खण कुणी उघडत नाही. हे करताना ती घाई करत नव्हती, उलट नेहमीपेक्षा नीट काम केलं तिने, कडा जुळवल्या, फीत बांधली. वर येऊन कॉफी घेतली. स्वतःला तिने पुष्कळ समजावलं होतं. नकाशा आधी मिळाला असता तरी मी डावीच धरली असती. डावी सुंदरच आहे. उजवी बरोबर आहे, पण बरोबर असलेल्या बाजूकडे कुणी वळून बघत नाही. आणि ही सगळी खरीच वाक्यं होती, एकातही तिला पोचा सापडेना. मग रात्री उशी का गरम व्हायची? रेघ कोणाची ठेवायची हा प्रश्न तिने सोडवला होता. चूक कोणाची होती हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेल्याचं उत्तर तिने ट्रॅक्टरच्या सीटांखाली दाबलं होतं. तिने बुटांकडे बघितलं होतं, एवढंच. तिचा बाप तेव्हा निदान तिशीतला होता, घरात काचेच्या पेटीतून वाचलेली पोर होती, जागा जाईल ही भीती होती. तिला कसली होती? म्हाताऱ्याचं पदक निघून जाईल याची? की ती आपल्या जन्माची खूण होती म्हणून, ती सुरकुती, ते वळण, आपण जगावं म्हणून एका माणसाचा हात थांबला नाही त्याची? ती खूण तिने आता दोन्हीकडे लावली होती. एर्मेतेसाठी जागाच उरली नव्हती.

"आलं की," एर्मेते म्हणाला. "उठव तुझ्या बापाला." सेकोंदो झोपलेला नव्हता. तो टोपीखालून आरशातल्या तिच्या डोळ्यांकडे बघत होता.

आत दिवे फार होते. नमुना चंदेरी कागद लावून सभागृहाच्या मधोमध उभा होता, खरी गाडीच वाटावी असा. त्याच्या बाजूला साक्की, फोटो काढणाऱ्या दोघी, लोरिस, मातीचं काम करणारी सगळी माणसं हात पुसून रांगेत. आज आरसा नव्हता. आज गाडी पूर्ण होती. एका मुलीने तबकातून पांढरे हातमोजे पुढे केले.

"मोजे घालून काय डोंबल कळणार?" एर्मेते म्हणाला. "बायकोला मोजे घालून हात लावतो का कुणी?"

सगळे हसले. साक्कीही हसला. "कागदावर डाग पडतात हो. पण तुम्हाला आज सगळं माफ."

"आजोबा म्हणाला नाही," एर्मेते ओर्नेल्लाच्या कानाशी लागला. "शिकतोय."

सेकोंदो हातमोजे घालून डावीकडे गेला, एर्मेते तसाच उजवीकडे. पूर्वीसारखेच, मध्ये गाडी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं कोणी कुठे उभं राहायचं. ओर्नेल्लाला वाटलं, आपण डावीकडे जावं, बापाच्या बाजूला, आणि तिचे पाय उजवीकडे गेले. एर्मेतेने डोळे मिटले. दिव्यापाशी हात टेकवला, सगळा तळवा, बोटं थोडी वर उचललेली, आणि तो चालायला लागला. दार. त्याच्या तोंडावर हसू होतं, ओळखीच्या घरात अंधारात चालताना असतं तसं. दार संपलं. मागच्या चाकाजवळ हात वर उचलला गेला. हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस कुठेतरी गेला. हात मागे आला. पुन्हा दारापासून निघाला, पुन्हा वर उचलला गेला. एकदा इथे, एकदा तिथे, थोडा खाली, काहीतरी हरवलेलं शोधावं तसं. फोटोवालीने दोन वेळा बटण दाबलं. मग त्याने डोळे उघडले, तळवा कोटाला पुसला, आणि ओर्नेल्लाकडे न बघता म्हणाला, "छान आहे. हात अडत नाही."

त्याच आवाजात तो गिऱ्हाइकांना सांगायचा, दुसऱ्याने काढलेला पोचा बघून.

"म्हणजे पास?" साक्की म्हणाला.

"पास, पास."

टाळ्या वाजल्या. साक्कीने कागद पुढे केला, पेन दिलं. पेन जड होतं. आपली सही ओर्नेल्लाला दोन अक्षरांपर्यंत आठवत होती, पुढची आठवेना. तेवढ्यात सेकोंदो गाडीला वळसा घालून उजवीकडे आला. त्याने एर्मेतेला खांद्याने बाजूला सारलं, हातमोजा काढून खिशात कोंबला, आणि न चालता, थेट मागच्या चाकावर तळवा ठेवला. उजव्या बाजूवर. तो तसाच उभा राहिला.

"ही माझी आहे," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, सभागृहाच्या पार टोकाला गेलेला. "एर्मेतेची कुठाय?"

"दोन्ही तुमच्याच की, मास्तर!" साक्की हसून म्हणाला आणि ओर्नेल्लाकडे वळून हळू आवाजात, "वय झालं की होतो गोंधळ. माझ्या वडिलांचंही असंच."

"त्याला ऐकू येत नाही," एर्मेते घाईघाईने म्हणाला. "सोडा हो. सेकोंदो, चल, कॉफी देतायत." आणि मग तिच्याकडे, कळकळीने, "कर गं तू सही. लोक खोळंबलेत."

त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. आपल्यावरचा अन्याय झाकून ठेवायला तो तिला मदत करत होता, पन्नास वर्षं केली तशी, चीज संपवा म्हणाल्यासारखी. एवढंच करायचं होतं. म्हाताऱ्याचा गोंधळ म्हणायचं आणि सही करायची. सेकोंदोने टोपी काढली. पांढऱ्या केसांत, उजव्या कानामागे, हिरवा ठिपका लुकलुकत होता. यंत्र होतं कानात. सकाळपासून होतं. अंड्यांचे ट्रे, एका पायाची विजार, माझी बाजू आहे ना गं; आणि तिचं उत्तर, मीठ सरकवल्यासारखं. सगळं ऐकलं होतं त्याने. तो तिच्याकडे बघत होता, रागाने नव्हे. दवाखान्याच्या दारात माणसं उभी असतात, आत जायची परवानगी नसते, तसा.

"नकाशा सतरा नंबरच्या खणात आहे," ओर्नेल्ला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. "मीच ठेवलाय. त्यात हे वळण नाही. बार्बा बरोबर ठोकत होते."

"काय?" सेकोंदोने तळवा कानामागे धरला, त्या हिरव्या ठिपक्यावर. "मोठ्याने बोल, पोरी. मी बहिरा आहे."

तिने पेन कागदावर ठेवलं. लोरिस बघत होता, साक्की बघत होता, रांगेतली माणसं बघत होती, आणि एर्मेते आपल्या बुटांकडे. तिने छाती भरून श्वास घेतला.

"चूक तुमची होती, पापा!" ती ओरडली. "बार्बांचा हात बरोबर होता! तुम्हाला ठाऊक होतं, आणि मलाही ठाऊक होतं!"